वाट पाहण्याचा पगार

एकवीस वर्षं मी वाटच पाहतेय, आणि पगार घेतेय त्याचा.
पोर्ट टॅलबटच्या शाळेसमोर, सकाळी आणि साडेतीनला,
पिवळा लांब कोट, काठीवर गोल पाटी: थांबा.
पाटी उभी केली की ट्रकसुद्धा थांबतो.
एकदा अंत्ययात्रेची काळी गाडी थांबली होती.
आतल्याला काही घाई नव्हती.

पाळी जाऊन नऊ वर्षं झालेली.
मार्चमधल्या एका मंगळवारी डाग दिसला,
नाण्याएवढा, गंजाच्या रंगाचा.
मी तो थंड पाण्यात धुतला,
चौदाव्या वर्षी धुवायचे तसा, आईला दिसू नये म्हणून.
आता कोणाला दिसू नये म्हणून, ते मलाच कळेना.

डॉक्टर गर्भाशय म्हणाले. इस्त्री केलेला शब्द.
मी मनात पिशवी म्हणते.
एकदा तीतून गेथिन आला, एकदा कोणीच आलं नाही,
मग घडी घालून ठेवलेली,
कधीतरी लागेल म्हणून ठेवतात तशी.

कॅन्सर आहे, म्हणाले. तो 'आहे' मी गिळला.
कुठवर गेलाय ते गुरुवारी ठरतं.
एका खोलीत आठदहा माणसं बसतात,
माझे आतले फोटो बघतात,
जे एम्लिननेही कधी पाहिले नाहीत.
हा गुरुवार की पुढचा, ते नेरिस फोन करून सांगणार.
नेरिस म्हणजे नर्स. जांभळ्या पेनाने लिहिते.
इंटरनेटवर शोधत बसू नका, म्हणाली.
मी नाही बसले.
एम्लिन बसतो, संडासात,
आणि बाहेर येऊन न विचारता चहा टाकतो.

ही दुसरी वाट बिनपगारी.
फ्रीजर वितळवला. तळाशी सहा वर्षांपूर्वीची रुबार्ब निघाली,
माझ्याच अक्षरात तारीख, ठणठणीत अक्षर.
फोन येतात. छताला लोकर भरून घ्या म्हणून.
न झालेल्या अपघाताबद्दल हळहळणारा एक माणूस आहे.
त्याच्याशी मी नऊ मिनिटं बोलले.
आवाज मऊ होता.

भट्टी बंद झाल्यापासून खिडकीतलं आभाळ काळं असतं.
पूर्वी रात्रभर नारिंगी असायचं, आम्ही कुरकुरायचो.
आता दोघंही जागे, दोघंही झोपेचं सोंग घेतलेले.
अडतीस वर्षांच्या संसारात
एवढे सभ्यपणाने आम्ही कधी वागलो नव्हतो.

धीर धर, सगळे म्हणतात.
धीर काय काठी आहे?

आज साडेतीनला पोरं अर्ध्या रस्त्यात होती
आणि खिशात फोन थरथरला.
त्याच वेळी मबलीचा बूट निसटला. पहिलीतली मबली.
ती वाकली, मग खालीच बसली,
पट्टा लावू लागली, जीभ बाहेर काढून,
दुनियेत दुसरं काही काम नसल्यासारखी.
दोन्हीकडे गाड्या. एक बस. कोणी हॉर्न दिला नाही.
फोन मांडीशी धडधडत राहिला
आणि मी पाटी उभी धरून.
पट्टा लागेपर्यंत कोणालाच पुढे जाता येणार नव्हतं,
पाटी धरणारीलाही.

लागला.

फुटपाथवर आले. नंबर लपवलेला.
तसल्या नंबराला उलटा फोन लागत नाही.
लोकरवाला असेल.
नेरिस असेल.
चार वाजायला वीस मिनिटं.

पलीकडून मबली ओरडली,
तू मधूनच परत का जातेस? कधीच का येत नाहीस इकडे?

म्हटलं, माझा डबा इथे आहे.